दुपारच्या लाटा आणि सोनाबाईची मोट

जमिनीतून वीज वाहते, हे मला पहिल्यांदा सोमण साहेबांनी सांगितलं. तेही नोकरीच्या मुलाखतीत.

"वानखडे, तुम्ही आत्ता जिथे पाय ठेवून बसला आहात ना, त्या जमिनीतून या क्षणाला वीज वाहते आहे. ठाऊक आहे?"

मी "हो सर" म्हणालो आणि दोन्ही पाय हळूच उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. साहेबांनी ते पाहिलं. हसले मात्र नाहीत. आठ दिवसांनी मला नेमणुकीचं पत्र आलं. ते माझ्या बी.एस्सी.मुळे आलं की त्या पाय उचलण्यामुळे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्या त्या खात्यात न कळलेल्या गोष्टींची सुरुवात अशी पहिल्या दिवसापासूनच झाली.

मी मूळचा दारव्ह्याचा. अमरावतीला बी.एस्सी. केलं, थर्ड क्लासात पास झालो. वडिलांना वाटत होतं, मी कापूस बाजारात कुठंतरी कारकून म्हणून चिकटावं. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. नागपूरकडे तोंड करून बसायची सवय असलेल्या माणसांना आता मुंबईकडे बघायचं होतं. त्या धांदलीत मुंबईच्या एका मोठ्या वेधशाळेनं मारेगावजवळ एक तात्पुरतं ठाणं काढलं आणि त्यात मी निरीक्षक म्हणून लागलो. निरीक्षण कशाचं, तर जमिनीतल्या विजेचं.

आता हे काम काय होतं ते सांगतो, कारण मी पुढची सगळी वर्षं हे सांगतच आलो आहे आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दर वेळी तोच भाव पाहिला आहे. जमिनीत शिशाच्या दोन पट्ट्या माणूसभर खोल पुरायच्या. दोहोंत मैलभराचं अंतर. दोन्हींपासून तारा आणून झोपडीतल्या एका यंत्राला जोडायच्या. यंत्रात केसाएवढ्या बारीक तारेची गुंडाळी टांगलेली असते, तिला नखाएवढा आरसा चिकटवलेला. जमिनीतून किंचित जरी वीज गेली तरी गुंडाळी वळते, आरसा वळतो आणि त्याच्यावर पडलेला दिव्याचा ठिपका सरकतो. समोर एक पिंप घड्याळाच्या चावीवर हळूहळू फिरत असतं. त्याला फोटोचा कागद गुंडाळलेला. ठिपका त्या कागदावर रेघ ओढत जातो. सकाळी कागद काढायचा, लाल कंदिलाच्या उजेडात धुवायचा, वाळवायचा आणि बघायचं की काल जमिनीत काय झालं.

आणि जमिनीतली ही वीज येते कुठून, तर सूर्यावरून. म्हणजे थेट नाही. सूर्यावर खळबळ झाली की तिथून काहीतरी सुटतं, ते पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राला धक्का मारतं, आणि त्या धक्क्यानं जमिनीत वीज हलते. त्या वर्षांत सूर्यावर डाग फार पडले होते, म्हणून जगभर अशी ठाणी निघाली होती. मारेगाव निवडण्याचं कारण एवढंच, की तिथे आजूबाजूला काहीच नव्हतं. विजेचे खांब नाहीत, रेल्वे नाही, गिरणी नाही. जमीन जेवढी गप्प, तेवढं सूर्याचं बारीकसं ऐकू येणार, असा साहेबांचा हिशेब.

पण गप्प अशी जमीन कुठं नसतेच, हे आम्हाला हळूहळू कळलं.

सुरुवातीला आम्ही तारा खांबांवरून नेल्या होत्या. वारा सुटला की तारा झुलायच्या आणि झुलल्या की कागदावर जाळं विणल्यासारखं काहीतरी उमटायचं. मग तारा जमिनीत गाडल्या. गाडल्यावर साळींदरांनी वरचं रबर कुरतडलं. पावसाळ्यात तर कुठं पन्नास कोसांवर वीज कडाडली तरी आमचा ठिपका उडी मारायचा. पावसाळ्याचे सगळे कागद पाहिले तर वाटावं, कोंबडी शाईत पाय बुडवून नाचली आहे. ते सगळं फेकण्यासारखंच. एकदा एक म्हातारे गृहस्थ आर्णीहून एवढ्या लांब आले, कारण त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मारेगावच्या यंत्रात हरवलेला बैल दिसतो. मी त्यांना ठिपका दाखवला. त्यांनी बराच वेळ टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "हालून राह्यला जी. जित्ता हाये म्हनजे." आणि समाधानानं परत गेले.

साहेब चिडत नसत. सोमण साहेब पुण्याकडचे, चाळिशीतले, उंच, सोला हॅट घालणारे. बायको अन् मुलं तिकडेच. ते इथं झोपडीला लागून असलेल्या एका खोलीत राहायचे. दिवसभर त्यांचं एकच काम. कागदावरची प्रत्येक वाकडी रेघ धरून विचारायचं, "ही कुणाची? आपली की त्याची?" 'त्याची' म्हणजे सूर्याची. आपली म्हणजे वारा, साळींदर, गंजलेला जोड, पाऊस, मी. एकदा मी झोपडीत लोखंडी घमेलं आपटलं तर तेही कागदावर आलं. साहेबांनी त्या जागी पेन्सिलीनं लिहिलं, 'वानखडे'.

एकदा मात्र खरंच 'त्याचं' आलं. भर दुपारी ठिपका जो सरकला तो कागदाच्या काठाबाहेरच गेला. परत आला, दुसऱ्या काठाबाहेर गेला. साहेब जोड तपासायला धावले, मी तारेच्या कडेनं पळत दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. सगळं ठीक होतं. तेवढ्यात मारेगावहून करीम मिस्त्री सायकलवर आले. त्यांची मोटार दुरुस्तीची टपरी होती आणि आमच्या बॅटऱ्या तेच त्यांच्या इंजिनावर चार्ज करून द्यायचे. घाम पुसत म्हणाले, "साहब, गाव का रेडियो एकदम गूँगा हो गया. खोलून देखा, कुछ बिगडा नहीं. तुमच्याकडून काही झालं काय?"

साहेबांनी त्यांना मिठीच मारली. "मिस्त्री, आमच्याकडून नाही हो! वरून झालंय, वरून!"

करीम मिस्त्रींनी वर पाहिलं. मीही पाहिलं. आकाश नेहमीसारखंच होतं.

अशी वादळं मुंबईच्या ऑफिसला मान्य होती. सगळीकडच्या ठाण्यांवर ती एकाच वेळी उमटत. भांडण होतं ते बारीक लाटांचं.

झालं असं, की पहिला पावसाळा संपून दिवाळी आली आणि कागद स्वच्छ यायला लागले. तेव्हा साहेबांना दिसलं की ऊन चढलं की रेघेवर बारीक बारीक लाटा येतात. करवतीच्या दातांसारख्या, एकामागून एक, अर्ध्या-पाऊण मिनिटाला एक. दुपारी जास्त, संध्याकाळी विरतात, रात्री नाहीत. वादळ नसताना, सूर्य शांत असताना, या लाटा कशाच्या? त्या काळी शिकवायचे की सूर्यावरून कधीमधी ढगासारखं काही सुटतं, एरवी मधली जागा रिकामी. साहेब मला संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चालताना म्हणाले, "वानखडे, समजा ती जागा रिकामी नसेलच तर? समजा तिथून रोजच काहीतरी वाहत असेल, वाऱ्यासारखं, आणि तो वारा एकसारखा नसेल, त्याला गचके असतील?"

मी म्हणालो, "असेल सर."

"असेल म्हणू नका हो! नसेल तर काय, ते सांगा!"

मला इतकंच वाटत होतं की हा माणूस जे म्हणतो ते खरं निघावं.

त्यांनी मुंबईला लिहिलं. मुंबईनं कळवलं की उन्हानं पट्ट्या तापत असतील. आम्ही पट्ट्या आणखी खोल पुरल्या. लाटा तशाच. दुसऱ्या ठाण्यांना विचारलं, तर त्यांचे कागद आमच्याहून इतके सावकाश फिरायचे की एवढ्या बारीक लाटा त्यात दिसणंच शक्य नव्हतं. म्हणजे जगात त्या लाटा पाहणारी माणसं आम्ही दोघंच. शेवटी मुंबईहून मोठे साहेब स्वतः तपासणीला आले. लाटा खऱ्या ठरल्या तर ठाणं पुढं चालणार, नवी यंत्रं येणार. नाहीतर बंद.

मोठे साहेब सज्जन होते, हे आधीच सांगतो. त्यांनी दिवसभर कागद पाहिले, प्रश्न विचारले, सोमण साहेबांची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या कुठं पुरल्या आहेत ते बघायला निघाले. एक पट्टी सकरू नायक नावाच्या शेतकऱ्याच्या पडीक जमिनीत होती. दुसरी सोनाबाई राठोडच्या मिरचीच्या वाडीच्या धुऱ्याला. सोनाबाई जवळच्या बंजारा तांड्यातली, पन्नाशीची विधवा. तिचे पूर्वज बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले, पण ती मात्र आपल्या त्या तुकड्यातून हलायला तयार नसायची. विहिरीवर तिची मोट चालली होती. बैल उतारावरून खाली जात, चाक करकरत असे, कातडी मोट वर येई, धो करून पाटात पाणी ओतलं जाई, बैल मागं सरत, मोट पुन्हा खाली.

मोठे साहेब तिथंच थांबले. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं आणि मोटेकडे बघत उभे राहिले. बराच वेळ. मग घड्याळ सोमण साहेबांच्या हातात दिलं.

सोमण साहेबांनी मोजलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पाणी ओतलं जात होतं अर्ध्या-पाऊण मिनिटाला एकदा. पाट पट्टीपासून चार हातांवरून जात होता. ओली जमीन, वाहतं पाणी. त्यातूनही बारीकशी वीज निर्माण होते, हे पुस्तकात आहे. आणि मोट दिवाळीनंतर सुरू होते, ऊन चढल्यावर चालते, संध्याकाळी थांबते, रात्री बंद असते.

"बाजाराच्या दिवशी मोट बंद असेल ना?" सोमण साहेब एकदम म्हणाले. "बाई! बाजाराच्या दिवशी मोट हाकता का तुम्ही?"

"कधी हाकतो, कधी नाई," सोनाबाई म्हणाली. "पोरगा बजारले गेला तं दीर हाकते. दीर गेला तं पोरगा हाकते. दोगंबी गेले तं नाई."

"आणि दोघं कधी कधी गेले होते?"

सोनाबाईनं माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, तुमचे साहेब बरे हायेत ना?"

म्हणजे जुन्या कागदांवरून काही ठरणार नव्हतं. एकच मार्ग होता. मोट बंद ठेवून पाहायचं. मोठे साहेब म्हणाले, "मी तीन दिवस थांबतो." सोमण साहेब हात जोडून सोनाबाईपुढे उभे राहिले.

"बाई, दोन-तीन दिवस मोट बंद ठेवाल का?"

"काहून जी?"

"आमच्या कागदावर काही उमटतं. ते सूर्यामुळे की तुमच्या मोटेमुळे, ते पाहायचं आहे."

तिनं डोळ्यांवर हात धरून सूर्याकडं पाहिलं, मग मोटेकडं. "सूर्याचं अन् माह्या मोटीचं एकसारखंच उमटते काय?"

"तेच तर कळत नाही."

"मंग सूर्यालेच ठेवा ना जी बंद दोन रोज. माह्या मिरच्या फुलावर हायेत."

मोठे साहेब तोंड फिरवून हसले. सोमण साहेबांना हसू येण्यासारखी स्थिती नव्हती. ते म्हणाले, "मिरच्या सुकू देणार नाही. लागलं तर आम्ही स्वतः पाणी घालू. शब्द देतो."

"तुमी?" सोनाबाईनं त्यांच्या हॅटपासून बुटांपर्यंत नजर नेली. मग काय वाटलं कोण जाणे, पोराला हाक मारून बैल सोडायला सांगितलं.

पहिला दिवस. मोट बंद. चाकाचा आवाज नाही. तो आवाज आम्हाला इतका सवयीचा झाला होता की नसल्यावर कानाला दडे बसल्यासारखं वाटलं. सकाळची वाट न पाहता संध्याकाळीच साहेबांनी कागद स्वतः धुतला. कंदिलाच्या लाल उजेडात मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. ते वळले, कागद निथळत होता, त्यावर फूटपट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ. एकही लाट नाही. इतकी शांत रेघ मी त्या ठाण्यात कधी पाहिली नव्हती.

साहेबांनी कागद वाळत घातला. मोठे साहेबच म्हणाले, "सोमण, एका दिवसावरून काही ठरत नसतं."

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तशी सोनाबाई झोपडीच्या दारात आली. "साहेब, पानं माना टाकून राह्यले. मोट लावू काय?"

"नको, नको! आम्ही येतो."

साहेबांनी हॅट काढून ठेवली, बाह्या वर केल्या. आम्ही नाल्याच्या डोहातून रॉकेलच्या डब्यांनी पाणी भरायचं आणि कावडीवरून वाडीत न्यायचं असं ठरलं. मला थोडी सवय होती. साहेबांना नव्हती. त्यांची कावड एकदा पुढं झुकायची, एकदा मागं. अर्धं पाणी त्यांच्या बुटात. तांड्यातल्या बायका बांधावर जमल्या. आधी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग साहेब चढावर घसरून बसले, डबे गडगडत नाल्यात गेले, आणि ते पुन्हा उठून डबे गोळा करायला लागले, तेव्हा हसणं थांबलं. सोनाबाई त्यांच्या बोलीत काहीतरी मोठ्यानं म्हणाली. मला त्यातलं 'याडी' तेवढं कळलं, म्हणजे आई. बहुतेक, 'कुण्या आईचं लेकरू आहे हे' असं काहीतरी असावं. बघता बघता बायकांनी नाल्यापासून वाडीपर्यंत रांग धरली. घागरी, डबे, हंडे हातोहात पुढं यायला लागले. रांगेच्या टोकाला, धुऱ्याजवळ, साहेब उभे राहिले. भांडं आलं की ओतायचं, रिकामं मागं द्यायचं. कुणीतरी गाणं म्हणायला लागलं. साहेबांच्या कपाळाला चिखल लागला होता आणि ते हसत होते. मी त्यांना इतकं मोकळं हसताना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही बरीच वर्षं पाहणार नव्हतो.

संध्याकाळी कागद धुतला, आणि त्यावर लाटा होत्या. दुपारभर. इतक्या सुबक, इतक्या ठळक की मी ओरडलोच. मोट तर बंद होती! साहेबांनी कागद मोठ्या साहेबांपुढं धरला. "पाहा. पाहा सर. मोट नाही, आणि लाटा आहेत."

मोठ्या साहेबांनी कागद पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "सोमण, तुम्ही पाणी कुठं ओतलंत?"

सोमण साहेबांनी कागद हळूच खाली ठेवला.

"आणि किती किती वेळानं?"

किती वेळानं ते कुणी मोजलं होतं? भांडं आलं की ओतत होते. पण डोळ्यांपुढं आणलं तर मलाही तेच दिसत होतं, आणि साहेबांनाही दिसत असणार. अर्ध्या-पाऊण मिनिटाला एक.

तिसऱ्या दिवशी मोटही नाही आणि पाणीही नाही, असं करायचं ठरलं. सकाळी दिव्याचा ठिपका मंद व्हायला लागला आणि दुपारच्या आत विझला. चार्ज केलेल्या बॅटऱ्या यायच्या होत्या त्या आल्या नाहीत. करीम मिस्त्री संध्याकाळी पायी आले. इंजिनाचा पट्टा तुटला होता, वणीला माणूस पाठवला होता, तिथं पट्टा मिळाला नव्हता. "साहब, मेरी वजह से तुमचं नुकसान झालं काय?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. साहेब त्यांना म्हणाले, "नाही मिस्त्री, बसा, पाणी प्या."

मोठे साहेब दुसऱ्या सकाळी गेले. निघताना म्हणाले, "तुम्हीच ठरवा, सोमण. तुम्ही जो अहवाल पाठवाल तो मी मान्य करीन."

मी साहेबांना म्हणालो, "सर, अजून पंधरा दिवस घेऊ. मोट बंद, पाणी दुसऱ्या विहिरीवरून आणू, लांबून..."

"कुणाची मोट बंद ठेवायची, वानखडे? आणि किती दिवस?" ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मला त्या लाटा हव्या आहेत हो. फार हव्या आहेत. म्हणूनच मी आता त्यांच्याबद्दल काही बोलू नये."

त्यांनी लिहून पाठवलं की दुपारच्या लाटा शेतीच्या पाण्यामुळे येत असाव्यात. ठाणं बंद झालं. आम्ही पट्ट्या उकरून काढल्या तेव्हा सोनाबाई धुऱ्यावर येऊन उभी राहिली.

"माह्यामुळं तुमचं गेलं काय जी साहेब?"

"नाही बाई. तुमच्यामुळे नाही."

"मंग कोनामुळं?"

साहेब फावडं धरून तसेच उभे राहिले. त्यांना खरंच उत्तर शोधायचं होतं असं मला वाटलं. थोड्या वेळानं ती परत गेली. चाक करकरायला लागलं.

साहेबांनी ते खातंच सोडलं. अमरावतीला कॉलेजात शिकवायला लागले, घरची माणसं तिकडे घेऊन आले. मला मुंबईच्या ऑफिसात घेतलं. समुद्राकाठच्या त्या इमारतीत बसून मी इतर ठाण्यांच्या कागदांवरच्या रेघा मोजायचो. मोजताना कुठं बारीक लाट दिसली की मला चाकाचा आवाज ऐकू यायचा. कुणाला सांगितलं नाही.

आणि मग पुढच्या दशकात परदेशांची यानं पृथ्वीपासून लांब जायला लागली. ऑफिसात एक-एक बातमी यायची. सूर्यावरून वारा वाहतो, सतत वाहतो, कधी थांबत नाही. आणि तो एकसारखा नाही. त्यात भोवरे आहेत, गचके आहेत, लाटा आहेत. लोक जेवणाच्या सुट्टीत याबद्दल बोलायचे आणि मी डबा उघडा ठेवून ऐकत बसायचो. धुऱ्यावर चालणारे साहेब मला दिसायचे.

आमच्या ऑफिसात एक तरुण संशोधक बाई होत्या. एके दिवशी धीर करून त्यांना विचारलं, "मॅडम, जमिनीत दुपारी ज्या बारीक लाटा येतात, अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या, त्या या वाऱ्यामुळे?"

"आता पुष्कळ जणांना तसं वाटतं," त्या म्हणाल्या. "त्या वाऱ्याबरोबर चुंबकी क्षेत्रही येतं. ते कसं कललेलं आहे त्यावर अवलंबून असतं म्हणतात. काही दिवस लाटा भरपूर येतात. काही दिवस अजिबात येत नाहीत."

"अजिबात नाहीत? म्हणजे रेघ अगदी सरळ?"

"हो. का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मोट, बायका, डबे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तो पहिला दिवस नुसता वाऱ्याचा शांत दिवस असू शकतो. दुसऱ्या दिवशी खऱ्या लाटा आल्या असतील. किंवा..."

"किंवा?"

"किंवा तुमचं पाणीच असेल. किंवा दोन्ही एकात एक मिसळलेलं असेल. ते कागद आहेत का?"

मी शोधले. सापडले, पण मारेगावच्या जड पाण्यात धुतलेले ते कागद आता चॉकलेटी होऊन गेले होते. रेघ कुठं आणि कागद कुठं हे सांगता येत नव्हतं. मी आनंद मानावा की डोकं धरून बसावं, मला कळेना. साहेब बरोबर असतील. नसतीलही. तीन दिवसांत एक माणूस आपल्या कामातून उठला, आणि ते तीन दिवस काय होते हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

त्या वर्षी रजेवर दारव्ह्याला जाताना मी अमरावतीला उतरलो. पत्ता विचारत साहेबांच्या घरी गेलो. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला, मग दोन्ही हातांनी आत ओढलं. मी बसलो आणि लगेच सुरुवात केली, कारण थांबलो असतो तर धीर सुटला असता. वारा, यानं, भोवरे, हे त्यांना वर्तमानपत्रातून थोडंफार ठाऊक होतं. ते मान हलवत ऐकत होते, दुसऱ्याच्या घरच्या लग्नाची हकीकत ऐकावी तसं. मग मी शांत दिवसांबद्दल सांगितलं.

ते मान हलवायचे थांबले.

"काय म्हणालात?"

"काही दिवस लाटा येतच नाहीत, सर. मोट असो नसो."

ते उठले. खिडकीपर्यंत गेले. परत आले. "मग त्या आपल्या लाटा... त्याच्याच होत्या?"

आता काय सांगावं? प्रवासभर मी याच प्रश्नाला भीत होतो. हो म्हणायला जीभ उचलली होती. पण त्यांच्यासमोर ते म्हणता आलं नाही.

"माहीत नाही, सर. असतील. पाणीही असेल. कागद गेले. आता कुणालाच सांगता येणार नाही."

मला वाटलं, हा माणूस आता खचून खाली बसणार. साहेब माझ्याकडं टक लावून पाहत होते. हळूहळू त्यांचा चेहरा बदलायला लागला. चिखल लागलेल्या कपाळाचे साहेब मला पुन्हा दिसले.

"म्हणजे ठरलेलं नाही!" ते म्हणाले. "वानखडे, इतकी वर्षं मी समजत होतो, ते ठरलं. ती मोटच होती, संपलं. आणि तुम्ही म्हणता ते ठरलेलंच नाही?"

"नाही, सर."

"अगं ऐकलंस का," त्यांनी आत हाक मारली, "चहा टाक! वानखडे आलेत!" आणि त्यांनी टेबलावरचा विद्यार्थ्यांच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला, एक कोरा कागद ओढला आणि भराभर आकृती काढायला लागले. विहीर. पाट. धुरा. शिशाची पट्टी. "आता आठवा नीट. आपण ओतलेलं पाणी पट्टीपर्यंत पोचलं होतं का, यावर सगळं आहे. मी उभा होतो तो धुऱ्याच्या पलीकडे. मधे धुरा. म्हणजे पाणी पट्टीकडे येणारच नाही."

"अलीकडे, सर."

"पलीकडे हो!"

"अलीकडे. बाया पलीकडे होत्या."

"बाया अलीकडे! मी त्यांच्याकडे तोंड करून उभा होतो. ऊन माझ्या डाव्या गालावर होतं."

"तुम्ही मधे एकदा जागा बदलली, सर."

"कधी?"

"घसरून पडल्यावर."

साहेबांनी पेन्सिल थांबवली. कागदावर दोन माणसं काढली होती, त्यातलं एक खोडलं, धुऱ्याच्या दुसऱ्या बाजूला काढलं, पुन्हा खोडलं. चहा आला आणि गार झाला. दुसरा आला, तोही झाला. माझी दारव्ह्याची शेवटची मोटार केव्हाच निघून गेली होती, आणि साहेब म्हणत होते, "थांबा, थांबा. पहिल्यापासून. नाला या बाजूला होता, एवढं तरी मान्य आहे ना तुम्हाला?"